शिंपल्यातला एक, कुडीतले तेरा

ज्या आठवड्यात दादा आईला धारहून कायमची इंदूरला न्यायला निघाला होता, त्याच आठवड्यात आईला शिंपल्यात मोती सापडला. म्हणजे ती तसं म्हणत होती. दादाचं म्हणणं, तिला एकटीला ठेवण्यात अर्थ नाही, हे ऐकल्यावर तरी तुझी खात्री पटली ना?

मी देवासला एका छोट्या खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसं येतात, कुठे दुखतंय ते लांबण लावून सांगतात आणि मी अर्धंच ऐकते, कारण खरं काय ते पडद्यावर दिसणारच असतं. ही सवय दवाखान्याबाहेरही लागली. माझं लग्न मोडलं त्याला हेही एक कारण होतं असं तिकडच्या लोकांनी सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. बाबा घड्याळजी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे दोन खोल्या. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी राहते. गेल्या हिवाळ्यापासून तिचं काही काही बिनसू लागलं. एकदा दूध ओट्यावर आणि रिकामं पातेलं गॅसवर. एकदा घराच्या किल्ल्या कणकेच्या डब्यात. आणि एकदा तिने दादाला बँकेत फोन करून विचारलं, "तुझे बाबा तिकडे आलेत का रे? जेवायची वेळ झाली." तो फोन दादाला आला, मला नाही. मला आला असता तर कदाचित मीही त्याच्याचसारखी घाबरले असते. पण मला आला नव्हता, म्हणून मला भांडायला सोपं होतं.

"तिला तिच्या घरातून उचलून तुझ्या चौथ्या मजल्यावर ठेवलंस तर ती महिन्याभरात खंगेल," मी म्हणायची.

"ठीक है, मग तू राहतेस का तिच्याजवळ?" दादा म्हणायचा. "नाही ना? मग बस. मला काय हौस आलीये का?"

यावर मी फोन ठेवून द्यायची.

आता शिंपल्याचं. आमच्याकडे साखरांब्याच्या कैऱ्या सुरीने सोलत नाहीत. लोखंड लागलं की कैरी काळवंडते, असं आईचं आणि तिच्या सासूचं मत. शिंपल्याची फुगीर बाजू ओल्या वाळूत, खरखरीत दगडावर घासत बसायचं. घासता घासता मध्ये भोक पडतं आणि त्या भोकाची कड अशी तेज होते की कैरीवरून ओढलं की साल पापुद्र्यासारखं निघतं. मी तिला चांगलं स्टीलचं सोलाणं आणून दिलं होतं. ते तिने बटाट्यांना लावलं. नालछ्याकडून एक बाई दर मे महिन्यात कैऱ्या घेऊन येते, तीच येताना आटलेल्या तळ्यातले शिंपले पिशवीत टाकून आणते. सगळे रिकामे, सुकलेले. यंदा त्यात एक बंद निघाला.

आम्ही मासळी खाणारे नव्हे. दुसऱ्या कोणी तो कुंपणापलीकडे फेकला असता. आईने बाबांचा जुना स्क्रू-ड्रायव्हर घालून तो उघडला. वास फार होता म्हणे. आतलं मांस खरवडून काढताना कडेला बोटाला काहीतरी कडक लागलं. धुतलं तर मोती. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा, एका बाजूला किंचित गुलाबी.

आता कुणीही काय केलं असतं? गल्ली गोळा केली असती, मला फोन केला असता, निदान देवापुढे ठेवला असता. आईने तो बाबांच्या टेबलावर नेला. तिच्या मोत्याच्या कुड्यांमधला एक मोती फेब्रुवारीत एका मुंजीत पडला होता. बाबांच्या हाताखाली पन्नास वर्षं बसून तिचा हात तयार झालेला. तिने डोळ्याला भिंग लावलं, मोती लाकडी चिमट्यात धरला, दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या बाबांच्या बारीक ड्रिलने त्याला आरपार भोक पाडलं, सोन्याच्या तारेत ओवला आणि कुडीत रिकाम्या जागी बसवून टाकला. मग हात धुऊन उरलेल्या कैऱ्या सोलल्या. हे सगळं तिने चार दिवसांनी फोनवर सांगितलं, साखरांबा किती बरण्या झाला ते सांगून झाल्यावर.

मी दादाला सांगितलं. माझी चूकच झाली.

"हे बघ," तो म्हणाला, "कुड्या मी परवाच बघितल्या तिच्या कानात. पूर्ण आहेत. सात आणि सात. सगळे एकसारखे, नंतर बसवलेला एकही नाही. न हरवलेला मोती हरवला म्हणते आणि न सापडलेला सापडला म्हणते. यापेक्षा आणखी काय पाहिजे तुला? रविवारी दहाला गाडी घेऊन येतोय मी."

मी आईला विचारलं, मोती पडला होता तर तेव्हा सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं होतं, फोनवर, तू हो हो म्हणालीस. मला आठवेना. पण मी हो हो म्हणाले नसेन अशी शपथही मला घेता येईना. तळ्याचा शिंपला तिने त्याच दिवशी घासून शेजारच्या घरी कैऱ्यांसोबत देऊन टाकला होता, आणि त्या घरच्यांनी तो कुठेतरी टाकला होता. साक्षीला कुणी नव्हतं.

गुरुवारी मी रजा टाकून धारला गेले. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, समोर कुड्यांची डबी. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, पलीकडे दादा.

"तू माणसांची हाडं बघतेस ना?" आई मला म्हणाली. "मग यांच्या पोटात काय आहे ते बघ. तेरा मोती ह्यांनी हैदराबादहून आणलेले. ते कल्चर आहेत, ह्यांनीच सांगितलं होतं मला. चौदावा तळ्यातला. तुझं यंत्र शोधील तो?"

मी म्हटलं, शोधील बहुतेक. कल्चर मोत्यात माणसाने घातलेला मणी असतो, शिंपला त्याच्यावर नुसता लेप चढवतो. तळ्यात आपोआप झालेल्यात मणी असणार नाही. "पण तू दाखव तरी, कुठला बसवलायस?"

"नाही दाखवणार." तिने डबीतून एक घडी घातलेला कागद काढला, बाबांच्या खणातल्या जुन्या पाकिटात घातला, डिंक लावून बंद केला आणि जोडावर आडवी सही ठोकली. "यात लिहिलंय. तू शोध. रविवारी पाकीट उघडू. जुळलं तर मी या घरातून हलणार नाही. नाही जुळलं तर मुकाट्याने गाडीत बसते. ऐकलंस का रे?"

पलीकडून दादाने आधी पाकीट नीट बंद झालं का ते विचारलं. मग म्हणाला, "पाकिटाचा फोटो पाठव. सहीसकट." तो बँकेतला आहे. मी फोटो पाठवला. पाकीट बाबांच्या टेबलाच्या खणात गेलं.

परतताना बसमध्ये मी कुड्यांचा रुमाल पोटाशी धरून बसले होते. कुडी म्हणजे मोत्यांचं फूल, मध्ये एक आणि भोवती सहा. वर कानाची साखळी अडकवायचं बारीक कडं. डाव्या कुडीच्या दांडीला ओळखीसाठी लाल दोरा. मी प्रत्येक मोती दातावर घासून पाहिला. काचेचा असता तर गुळगुळीत लागला असता. चौदाही खरखरीत लागले, म्हणजे त्याने काहीच ठरलं नाही. नुसत्या डोळ्यांनी मला तीन वेगळे वाटले, थोड्या वेळाने पाच, आणि इंदूर आलं तेव्हा सगळेच. चौदात एक. तिने खरंच बसवला नसेल तर मी काय सांगणार होते? मला तेव्हाही तिचं खरं वाटत नव्हतं. भांडत होते तिच्या बाजूने, पण विश्वास माझा दादावरच होता. ही लाज अजून जात नाही.

आमच्या मोठ्या मशीनवर चौदा पांढरे ठिपके आले, आतलं काही नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी मी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचं यंत्र दाताची बारीक भेग दाखवतं. त्या हसल्या, पण पेशंट नव्हते, आणि मी त्यांच्या सासूच्या खुब्याचे फोटो कितीदा तरी काढून दिले होते. पहिल्यांदा उजवी कुडी. पडद्यावर सात गोल उमटले. प्रत्येकाच्या पोटातून तारेची पांढरी रेघ, आत घट्ट एकसारखा मणी, बाहेर पातळ साल, आणि दोन्हींच्या मध्ये केसाएवढी काळी कड. सातही तसेच.

मग डावी. एक, दोन, तीन, मणी, मणी, मणी. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्याला हात लावला.

"दीदी, ये वाला देखो," त्या म्हणाल्या. "इसमें अंदर कुछ है ही नहीं. प्याज़ जैसा है पूरा."

खरंच कांद्यासारखा होता. मणी नाही, काळी कड नाही. मधून बाहेरपर्यंत फिकट फिकट कडी, एकात एक. कुणी काही न घालता शिंपल्याने वर्षानुवर्षं आपल्यापुरता केलेला. मी तिथे त्या दातांच्या खुर्चीवर बसून रडले. आई खोटं बोलत नव्हती, तिला भास झाला नव्हता, फेब्रुवारीत मोती खरंच पडला होता आणि तिने मला फोनवर खरंच सांगितलं होतं.

फोटो छापून घेतला. खाली पेनने लिहिलं: डावी, दहा वाजता. कडं वर धरलं की भोवतालचे सहा मोती घड्याळाच्या तासांसारखे सांगता येत होते, आणि घड्याळजीच्या मुलीला दुसरं काय सुचणार?

रविवारी दादा दहाला पाच कमी असताना आला. दाराशी आईच्या दोन बॅगा भरून तयार होत्या. तिने स्वतः भरल्या होत्या. माझ्या पर्समध्ये फोटो होता, म्हणून मी त्या तशाच राहू दिल्या. दादाने चपला काढल्या, पाणी प्यायला, माझ्या हातातला फोटो घेतला. कल्चरचे तेरा आणि हा एक, मी बोट ठेवून समजावलं. तो नीट ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला नाही, उलट जरा सैलावला, आणि मला वाटलं, यालाही तिला न्यायचं नाहीये.

"म्हणजे मोती खरा आहे," तो म्हणाला.

"खरा आहे."

त्याने पाकिटावरची सही फोनमधल्या फोटोशी पडताळली. फाडलं. कागद उघडला, वाचला आणि माझ्यापुढे धरला. आईचं अक्षर, जरा तिरकं: डावी. दोन वाजता.

मी पुन्हा वाचलं. दोनचा दहा होईना.

"आई," दादा फार हळू म्हणाला, "कुडी हातात घे आणि बोट ठेवून दाखव. कुठला बसवलास?"

"कागदात आहे."

"कागद राहू दे. तू दाखव."

"लिहिलंय ते बरोबर आहे," ती म्हणाली आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली.

"दाखव ना गं!" मी ओरडले. "एक बोट ठेवायला काय जातंय तुझं? गाडी दारात उभी आहे!"

"ओरडू नकोस. तुझं यंत्र चुकलं असेल."

"यंत्र चुकत नाही."

"मग तू चुकली असशील."

दादाने मला बाहेरच्या ओट्यावर नेलं. "चिडू नको तिच्यावर," तो म्हणाला. "सुन मेरी बात. मोती सापडला, मान्य. मी चुकलो. पण बसवल्यावर आठवड्याभरात तिला तो कुठे बसवला ते आठवत नाही. हे तर जास्त वाईट आहे ना? सापडलाच नसता तर म्हटलं असतं, म्हातारीची कल्पना. आता काय म्हणू?" त्याचे डोळे भरले होते. मला त्याला खोडून काढायचं होतं. तो आत गेला आणि त्याने पहिली बॅग उचलली.

आई उठली. तिने पदर सारखा केला आणि बाबांच्या टेबलावरून हात फिरवला, धूळ पुसावी तसा. मला ते बघवेना, म्हणून मी कुड्या डबीत ठेवायला घेतल्या. डावी टेबलावर ठेवली तर ती मोत्यांवर पालथी पडली, दांडी वर. उताणी ती राहणारच कशी, मागे एवढी लांब दांडी. दातांच्या यंत्रावरही मी ती अशीच ठेवली होती.

अशीच. मोती खाली, दांडी माझ्याकडे. म्हणजे फोटो कुडीच्या पाठीकडून निघाला होता.

नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावते: पेशंट तुमच्याकडे तोंड करून आहे की पाठ, ते आधी बघा, नाहीतर उजव्या पायाचं प्लास्टर डाव्याला चढेल. माझ्या उभ्या नोकरीत हे माझ्याकडून चुकलं नव्हतं. आईच्या कुडीच्या वेळी चुकलं.

"दादा, बॅग खाली ठेव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ठेव खाली. फोटो उलटा आहे."

तो थांबला. मी त्याला पालथी कुडी दाखवली, फोटो दाखवला, पुन्हा पुन्हा तेच सांगत सुटले. त्याने मला हाताने गप्प केलं, फोटोचा कागद घेतला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. कडं वरच राहिलं. मणी नसलेला मोती दहावरून सरकून दोनवर आला. त्याने बाबांचं भिंग डोळ्याला लावून कुडी समोरून पाहिली, दोनवरचा मोती नखाने हलवला. त्याची तार बाकीच्यांपेक्षा नवी, चकचकीत होती. पुष्कळ वेळ तो तसाच वाकून होता.

"जुळलं," तो म्हणाला.

आई म्हणाली, "मग सांगत काय होते मी!"

दादा मोठ्याने हसला. किती महिन्यांनी हसला असेल कोण जाणे. दोन्ही बॅगा त्यानेच आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या, आईच्या पाया पडला, पोहे खाल्ले, मला इंदुरी थाटात म्हणाला, "पहिल्यांदा असं झालं असेल, भिया, की तुझ्या चुकीमुळे मला रडू आलं," आणि साखरांब्याची बरणी घेऊन गेला. जाताना गाडीची काच खाली करून त्याने तिला हात केला. मी दारात उभी होते आणि अशी फुगले होते की काय सांगू. मी जिंकले होते. आईचं घर मी वाचवलं होतं.

आत आले तर आई आरशासमोर कुड्या घालत होती. उजवी कानात होती, डावी हातात. ती हातातल्या कुडीकडे बघत होती.

"यातला कुठला गं तो?" तिने विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतेय. "आता तूच सांग," मी हसत म्हटलं.

ती हसली नाही. "बसवला त्या दिवशी ठाऊक होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हतं. असं होतं मला हल्ली. तो कागद तुमच्या पैजेसाठी नव्हता, त्याच दिवशी लिहून डबीत टाकला होता. त्यात काय लिहिलंय तेही आठवेना. पण लिहिलं ते मी बघून लिहिलं होतं, तेव्हा चूक असणार नाही एवढं माहीत होतं."

मी पलंगावर बसले. म्हणजे दादाचं खरं होतं. ओट्यावर उभं राहून त्याने जे म्हटलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि मी एक फोटो उलटा करून त्याला खोटं पाडलं होतं. त्याची गाडी अजून वाटेतल्या घाटाबिल्लोदलाही पोचली नसेल. फोन माझ्या हातातच होता.

"त्याला सांगणार आहेस?" आईने विचारलं. "सांगायचं तर आत्ता सांग. बॅगा भरलेल्याच आहेत."

"डावी, दोन वाजता," मी म्हटलं. "कडं वर धर. हा."

तिने त्यावर बोट ठेवलं. "मग तू राहणार इथे?"

सगळा आठवडा मी तिचं घर तिला मिळावं म्हणून झटले होते आणि हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. दादाने विचारला तेव्हा फोन ठेवून दिला होता. मला देवासची माझी खोली आठवली, मशीन आठवलं, दार लावलं की कुणाचं काही ऐकावं लागत नाही ती शांतता आठवली. मला तिचा राग आला. खरंच, भयंकर राग आला, आणि तो तिला माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण तिने नजर खाली केली.

"हो," मी म्हटलं. "राहीन."

ती डावी कुडी कानात घालायला लागली. फिरकी बसेना, म्हणून मी उठून बसवून दिली. "मग तुझा पलंग खिडकीपाशी लावू," ती म्हणाली. "तिथे जरा वारा येतो."